मफलर विणायला घेतला, नळी झाली (थंडीतल्या विणकामाचा धागा)

द्राक्षवाला | ९ डिसेंबर, रात्री ११:५२

मंडळी, नमस्कार. इथं आजवर नुसतं वाचत आलो, लिहितोय पहिल्यांदा. तेही विणकामावर. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. थंडी पडली की पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा छापून येतो ना, तोच आमचा गारठा. या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज लाइट रात्रीची आहे. म्हणजे ती येईस्तोवर विहिरीवर बसून राहायचं. पारा फारच उतरला तर पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, विहिरीचं कोमट पाणी सोडायचं, नाहीतर द्राक्षाचे मणी तडकतात. झोप मिळत नाही, सलग काम नाही आणि हात रिकामे.

या रिकाम्या हातात तीस वर्षं तंबाखूची पुडी होती. दसऱ्याच्या सुमारास दाताच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला, त्या दिवसापासून बंद. दिवसा निभतं. रात्री विहिरीवर बसलं की अंगठा आपोआप तळहातावर मळायला लागतो, हातात काही नसताना. धाकट्या बहिणीनं हे बघितलं आणि दोन सुया अन् लोकरीचा गुंडा आणून दिला. टाके कसे घालायचे, सुलट कसा, उलट कसा, तिनंच शिकवलं. पुढचं मोबाईलवर बघून.

आता अडचण सांगतो. व्हिडिओतल्या अमेरिकन बाई म्हणाल्या तसे ८ नंबरच्या सुयांवर ४० टाके घातले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. बाईंचा मफलर ९ इंच रुंद आला, माझा ७. तोही ताणून धरला तर. सोडला की दोन्ही कडा मागं वळतात आणि सरळ नळी होते. ठिबकची लॅटरल म्हणून खपेल. सव्वा फूट झालाय. इस्त्री मारू का? की कडेनं काही शिवू?

मुग्धा_मिनियापोलिस | १० डिसेंबर, रात्री १२:२०

इस्त्री नको!! आधी गुंड्यावरचा कागद बघा. ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्रीनं ते कायमचं लुळं पडतं, परत उभारी धरत नाही.

रुंदीचं कोडं सोपं आहे दादा. तुमची ८ आणि त्या बाईंची ८ एक नाही. अमेरिकेत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. शिवाय मोजणी उलटी. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते (१२ नंबर म्हणजे २.७५), इकडे नंबर वाढला की जाड. त्यांची ५ मिलिमीटरची सुई हवी असेल तर नाशकात दुकानदाराकडे ६ नंबर मागा. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी आईच्या वहीतला स्वेटर इकडच्या १० नंबरवर विणला होता. आईची १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, इकडची १० म्हणजे ६. त्यात मी आणि नवरा एकदम मावलो असतो.

क्रोशाचीही तीच गत. ब्रिटिश पुस्तक ज्याला डबल म्हणतं, अमेरिकन त्यालाच सिंगल म्हणतात. म्हणजे आपला मुका खांब. नमुना कुठल्या देशातला, हे आधी बघायचं.

आजीची_सुई | १० डिसेंबर, सकाळी ६:४०

द्राक्षवाले, नळी झाली यात तुमची चूक नाही. ती वीणच वळते.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट केली की कापडाची एक बाजू सगळी सुलट टाक्यांची होते आणि मागची सगळी उलट टाक्यांची. लोकर वाकवून फास केलेला असतो, तिला सरळ व्हायचं असतं, आणि सगळे फास एकाच बाजूला ओढ घेतात. म्हणून बाजूच्या कडा मागे वळतात, खालची-वरची कड पुढे वळते. स्वेटरला बाजू शिवल्या जातात, खाली पट्टी असते, म्हणून तिथे कळत नाही. मफलर उघडा असतो, त्याचं बिंग फुटतं. आता कडेने पट्टी जोडलीत तर पट्टीसकट वळेल.

उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना सुलट-उलट सारखे पडतील अशी वीण घ्यायची. सगळ्यात सोपं, प्रत्येक ओळ सुलटच. उलट टाका विसरा. जरा पुढे गेलात की साबुदाण्याची वीण घ्या, एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत सुलटावर उलट येईल असं. दोन सुलट दोन उलट घेतलंत तर रबरासारखं आकसतं, त्याला टाके जास्त लागतात.

हिशोब असा. ४० टाक्यांत ७ इंच, म्हणजे इंचाला पावणेसहा टाके. ९ इंचाला ५२ घाला. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, कड साखळीसारखी सुबक येते.

सव्वा फूट उसवा. आताच.

व्यवहारी_माणूस | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

हे सगळं ठीक आहे, पण मशीनवर विणलेला मफलर शंभर-दीडशेला रस्त्यावर मिळतो. लोकरीचेच पैसे त्याहून जास्त होतात. दोन महिने डोळे फोडून काय मिळवायचं?

द्राक्षवाला | १० डिसेंबर, रात्री ११:३०

@व्यवहारी_माणूस, शंभरला मफलर आणला तर रात्री बारा ते चार मी काय करू, तेवढं सांगा.

@आजी, उसवला. वाटलं होतं जीवावर येईल, पण छान वाटलं. एक टोक ओढलं की सर्र सर्र ओळ जाते. बायको म्हणाली, दोन आठवड्यांची मेहनत दोन मिनिटांत घालवली. पण लोकर तेवढीच्या तेवढी परत आली की हो. द्राक्षात असं कुठं होतं.

मुग्धाताई, नंबराचं आता डोक्यात बसलं. ८ नंबरच ठेवतो. ५२ टाके घातलेत.

सूतगिरणी_संजय | ११ डिसेंबर, सकाळी ८:०५

इचलकरंजीहून लिहितोय, कापडधंद्यातला माणूस आहे. विणकामातलं मला शून्य कळतं, पण एक गोष्ट वाचून दचकलो. तुम्ही शेकोटीजवळ बसून विणता? आणि तो मफलर गळ्यात घालून पहाटे बागेत जाळ करत फिरणार?

आपण बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ॲक्रिलिक असते. जुने लोक कॅशमिलॉन म्हणायचे ती हीच जात. ती पेट घेते, वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. खरी लोकर पेटायला ५७० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. पेटलीच तरी जाळ काढून घेतला की बहुधा आपोआप विझते.

घरी परीक्षा करता येते. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, वाटीत पाणी ठेवा, आगपेटी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरता आली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

द्राक्षवाला | ११ डिसेंबर, रात्री १०:५८

मणी झाला. चांगला टणक. गुंड्यावरच्या कागदावर मेंढीचं चित्र आहे.

संजयभाऊ, आभारी आहे. आता विणायला शेकोटीपासून लांब, पंपाच्या खोलीत बसतो, डोक्याला बॅटरी लावून. आणि जाळाचं काम करताना आईचं घोंगडं काढलंय. चाळीस वर्षांपूर्वीचं असेल. ठिणगी पडली की भोक न पडता नुसता काळा ठिपका राहतो, हे लहानपणापासून बघत आलो, कारण आज कळलं.

सूतगिरणी_संजय | ११ डिसेंबर, रात्री ११:२०

घोंगडं अस्सल दख्खनी मेंढीचं असणार. राठ लोकर. खड्डामागावर विणायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. पावसाचं पाणी त्यावरून ओघळून जातं. पण त्याच लोकरीचा मफलर विणू नका, मान सोलवटून निघेल. जपून ठेवा, कसर लागते. उन्हाळा लागायच्या आत कडक ऊन दाखवून, झटकून मगच घडी घाला.

सई_ट्रोंडहाइम | १२ डिसेंबर, रात्री १:१०

धागा वाचून राहवलं नाही. इथे नॉर्वेत आत्ता दुपारी अडीचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर.

दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा बॅगेत सगळे ॲक्रिलिकचे गरम कपडे होते. उणे दहामध्ये बसस्टॉपपर्यंत पळत गेले, घाम आला आणि बस येईपर्यंत तोच घाम गार पडून हुडहुडी भरली. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी ओली लागत नाही. ॲक्रिलिक जवळजवळ काहीच घेत नाही. इथली सगळी माणसं अंगालगत पातळ लोकरीचा थर घालतात, अगदी तान्ही बाळंसुद्धा. काका, रात्रभर बसायचं असेल तर मफलरच्या आधी आतून लोकरीचं बनियन बघा.

ट्रोंडहाइमजवळ सेल्बू नावाचं गाव आहे. तिथले काळ्या-पांढऱ्या लोकरीचे हातमोजे प्रसिद्ध आहेत, त्यावर आठ पाकळ्यांचं फूल असतं. मारित एमस्टाड नावाच्या मुलीनं १८५७ मध्ये तसे पहिल्यांदा विणले असं सांगतात. हे फूल नुसतं शोभेचं नाही. दोन रंग एकाच ओळीत विणताना जो रंग पुढे नसतो तो मागून आडवा जातो. म्हणजे सबंध मोजा दुहेरी होतो आणि दुप्पट ऊब देतो. मी गेल्या महिन्यात एक मोजा पुरा केला. दुसरा अजून होतोय. माझ्या घरमालकीणबाई म्हणतात की एकच मोजा विणलेल्या बायकांची एक टोळी करता येईल.

आणि हो, त्या धागा डाव्या हातात धरतात. आपण उजव्या हातानं सुईवरून धागा फिरवतो, त्या मात्र सुईनंच डाव्या बोटावरचा धागा टिपून घेतात. माझ्या एका ओळीत त्यांच्या दोन होतात. शिकायचा प्रयत्न केला, सुलट जमतो, उलट टाक्याला बोटांची गाठ होते.

खांब_साखळी | १२ डिसेंबर, दुपारी ३:३०

आम्हां मुंबईकरांनी काय करायचं? इथे थंडी म्हणजे पंखा दोनवर.

मी सुयांच्या वाटेला जात नाही, क्रोशाची सुई बरी. एकच टाका हातात असतो, त्यामुळे लोकलमध्ये दादर आलं की काम तसंच पिशवीत कोंबता येतं. सुयांवर शंभर टाके लोंबत असताना गर्दीत उतरून दाखवा. आणि लोकर नाही, सुती दोरा. रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं ते (आता टीव्ही भिंतीवर गेले, ते कुठे घालायचं हा प्रश्नच आहे). बहिणीच्या रुखवतासाठी मी सव्वा वर्ष खपून टेबलक्लॉथ केला. मांडवात सगळ्यांनी फोटो काढले ते शेजारच्या साखरेच्या बंगल्याचे.

थंडीत मात्र एक काम दरवर्षी येतं. ओळखीपाळखीत कुणीतरी बाळंतीण असते आणि मला बाळंतविडा करायचा असतो. नवीन विणणाऱ्यांना सांगते, बाळाचे हातमोजे जाळीचे करू नका. भोकात बोट अडकतं आणि ते बोलून सांगू शकत नाही. सईच्या त्या मागून जाणाऱ्या धाग्यांतही बोटं अडकतात, म्हणून बाळाच्या वस्तूला आतून अस्तर तरी लावा. टोपडं गळ्याशी बांधायला लांब लेस नको.

रानवाट | १३ डिसेंबर, रात्री १०:०२

द्राक्षवाले, मीही विणतो. नऊ वर्षं झाली. ऑफिसात कुणाला माहीत नाही.

पेरूमध्ये तितिकाका सरोवरात तकीले नावाचं बेट आहे. तिथे विणकाम पुरुषांचंच. लहानपणापासून मुलगे सुयांवर टोप्या विणतात. युनेस्कोनं त्या बेटाची वस्त्रकला २००५ मध्ये गौरवली आणि २००८ मध्ये जागतिक यादीत घेतली. एवढं लांब कशाला, आपले धनगर मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर सूत काढतात, त्यांना कुणी हसतं का? हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी विमानतळावर सुया काढायचा धीर होत नाही.

आजीची_सुई | १४ डिसेंबर, सकाळी ६:३०

रानवाट, काढा बिनधास्त.

१९६२ च्या लढाईत आमच्या शाळेत जवानांसाठी मफलर विणायला घेतले होते. मी बारा वर्षांची. मुलींनी विणायचं आणि मुलग्यांनी लडीचे गुंडे करायचे अशी वाटणी. लडी समोरच्याच्या दोन्ही हातांत अडकवायची आणि आपण गुंडाळत जायचं. लोकर तेव्हा औंसावर मोजायची सवय, एक औंस म्हणजे साधारण सव्वाअठ्ठावीस ग्रॅम. माझ्यासमोरचा मुलगा हात स्थिर धरायचा नाही, गुंता व्हायचा. बाईंनी शिक्षा म्हणून त्यालाच सुया दिल्या. आमच्या वर्गात सगळ्यात एकसारखा टाका त्याचा निघाला. माझा मफलर बाईंनी दोनदा उसवायला लावला आणि तिसऱ्यांदा काही न बोलता पेटीत टाकला. इतक्या वर्षांत मी तीनशेवर स्वेटर विणले असतील, पण तो मफलर कुणाच्या गळ्यात गेला असेल, हे अजून मनात येतं.

व्यवहारी_माणूस | १४ डिसेंबर, दुपारी १:४५

बरं. समजा एखाद्याला सुरुवात करायची असेल, तर लोकर किती लागते? सहज विचारतोय.

मुग्धा_मिनियापोलिस | १४ डिसेंबर, रात्री ८:३०

या या! 😄 मोठ्या माणसाच्या मफलरला २०० ग्रॅम धरा, सुया ८ नंबर (आपल्या, म्हणजे ४ मिलिमीटर). सगळे गुंडे एकदम घ्या आणि कागदावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. दुकानात दोन लॉट एकसारखे दिसतात, मफलर अंगणात नेला की मधोमध पट्टा उठतो. रंग फिका घ्या, टाके दिसले पाहिजेत.

खरी लोकर घेतलीत तर ती वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून बसतात. माझी मेरिनोची टोपी मशीनमधून निघाली ती लेकीच्या बाहुलीला बसली. गार पाण्यात रिठा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळत घालायचं. दोरीवर टाकलं की स्वेटरचा झगा होतो.

द्राक्षवाला | २८ डिसेंबर, रात्री ११:४०

मंडळी, खबर देतो. मफलर पुरा झाला. पाचव्यांदा.

दुसऱ्यांदा उसवला कारण टाके ५२ चे ५७ झाले होते, कुठून आले देव जाणे. (आजींना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागं टाकताय म्हणून एका टाक्याचे दोन दिसतात.) तिसऱ्यांदा मधला टाका गळला आणि शिडीसारखा खालपर्यंत उतरला. तो क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर चढवता येतो, हे नंतर समजलं. चौथ्यांदा काही चुकलं नव्हतं. त्या रात्री पारा फार उतरला होता, बागेची काळजी लागली होती आणि पुडीची इतकी आठवण आली की मफलर संपला तर उद्या काय, असं वाटून मीच उसवला. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

बाग आतापर्यंत ठीक आहे. खालच्या पट्ट्यात थोडे मणी तडकले. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय पंधरा दिवसांनी.

मफलर बायकोनं घेतला. लांब आहे, ॲक्रिलिक आहे, तिला जाळापाशी जायचं नाही. मला संजयभाऊंनी सांगितली तशी मेंढीची लोकर बहिणीनं मागवून दिलीय, तिचा तुकडा जाळून बघितला, केसांचा वास आला.

आता पुढचं. संक्रांतीनंतर नातवाचं बोरन्हाण आहे, वर्षाचा होईल तेव्हा. मुलगी म्हणते काळा झबला-टोपी घालायची. टोपी मी करतो म्हणून बसलोय. किती टाके घालू?

खांब_साखळी | २९ डिसेंबर, सकाळी ९:५०

अरे वा दादा! टोपी मऊ लोकरीचीच करा. आणि वर हलव्याचा मुकुट बसणार आहे हे लक्षात ठेवा. मोठा गोंडा लावू नका, मुकुट घसरेल.

आजीची_सुई | २९ डिसेंबर, सकाळी ११:१०

नवी लोकर आहे, तर आधी चार इंचाचा चौकोन विणून इंचाला किती टाके येतात ते मोजा. मागचेच पावणेसहा आले असं धरून सांगते.

वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण १८ इंच. टोपी दोन इंच कमी ठेवायची, ताणून बसते. १६ इंचाला ९० टाके. सुरुवातीला दीड इंच दोन सुलट दोन उलट, मग साधी वीण, बाजू शिवायचीच आहे त्यामुळे वळली तरी चालेल. एकूण पाच इंच झालं की डोक्याची घट घ्यायची. शिवणीसाठी दोन्ही टोकांना एकेक टाका सोडा, राहिले ८८, त्याचे ११-११ चे आठ भाग. सुलट ओळीत प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणा. उलट ओळ नुसती विणा. पुन्हा घट. असं दहा वेळा केलं की प्रत्येक भागात एकच टाका उरतो. धागा तोडून सगळ्या टाक्यांतून ओवा, ओढून घ्या, बाजू शिवा.

पण रात्री काळी लोकर विणू नका. डोक्याच्या बॅटरीत काळा टाका दिसत नाही, आणि गळला तर सापडणार नाही. काळं काम दिवसा.

द्राक्षवाला | ३ जानेवारी, रात्री १२:३५

आजी, चौकोन विणला, इंचाला सहाला थोडे कमी येतात. तुमचेच ९० घातले. पट्टी पांढरी केली, म्हणजे रात्रीचं काम रात्री होतं, वरचं काळं दुपारी जेवण झाल्यावर. मुलीला विचारलं, पांढरी पट्टी चालेल म्हणाली, हलवाही पांढराच असतो.

घट सुरू केलीय. तिसऱ्या घटीला एका भागात ९ च्या जागी १० टाके निघालेत. आता मागं जाऊ की पुढच्या घटीत तिथं एक जास्त कमी करून टा

लाइट आली. मोटर चालू करून येतो.

आजीची_सुई | ३ जानेवारी, सकाळी ६:१५

एका टाक्यासाठी मागे जायचं नाही. तिसऱ्या घटीला ८ हवेत, ९ नाहीत, म्हणजे तुमची मोजणीही चुकली आहे. बाकीचे सात भाग पुन्हा मोजा. आणि ओळ अर्धी टाकून उठत जाऊ नका. मोटरीला दोन मिनिटं थांबता येतं.